छातीवर डागलेली अक्षरे

'सोसायटी' हा शब्द आपल्या किती ओळखीचा! शहरात घरांची सोसायटी, गावात विकास सोसायटी. पण अठराव्या शतकाच्या सुरुवातीला वेस्ट इंडीजमधल्या बार्बाडोस बेटावर हाच शब्द तापल्या लोखंडाने माणसांच्या छातीवर डागला जात होता. ही माणसे म्हणजे उसाच्या मळ्यांवर राबणारे आफ्रिकन गुलाम. आणि त्यांची मालक कोण? तर इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चची धर्मप्रसारक संस्था!

ही 'एस.पी.जी.' संस्था १७०१ साली लंडनमध्ये स्थापन झाली. ख्रिस्तोफर कॉड्रिंग्टन हा धनाढ्य मळेवाला १७१० मध्ये वारला आणि बार्बाडोसमधले आपले दोन मळे त्याने मृत्युपत्राने संस्थेला दिले. त्या उत्पन्नातून वैद्यक आणि धर्मशास्त्र शिकवणारे विद्यालय काढावे, अशी त्याची इच्छा होती. मात्र अट अशी, की मळ्यांवर किमान तीनशे गुलाम कायम असले पाहिजेत. संस्थेने दान स्वीकारले, अटीसकट. गुलाम मरत होते, त्यांच्या जागी नवे विकत घेतले जात होते. साखर विकून आलेल्या पैशांवर विद्यालय उभे राहिले.

गुलामाने बाप्तिस्मा घेतला, तर तो मुक्त होईल का? मळेवाल्यांना ही धास्ती होती. लंडनचे बिशप एडमंड गिब्सन यांनी १७२७ साली पत्र लिहून ती दूर केली. धर्मांतराने मालकाच्या हक्काला बाध येत नाही, असा त्यांचा निर्वाळा होता. आत्मा देवाचा, देह मालकाचा!

गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढणारे विल्यम विल्बरफोर्सही याच चर्चचे, हे विसरता येत नाही. १८३३ साली गुलामगिरीबंदीचा कायदा झाला. सरकारने दोन कोटी पौंड नुकसानभरपाई दिली, पण ती मालकांना. एस.पी.जी.च्या वाट्याला चारशेहून अधिक गुलामांपोटी आठ हजारांवर पौंड आले. ज्यांनी घाम गाळला, त्यांना छदामही मिळाला नाही. उलट १८३८ पर्यंत 'उमेदवारी'च्या नावाखाली त्यांना राबावेच लागले.

नगर जिल्ह्यातल्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबांना एस.पी.जी. हे नाव परके नाही. एकोणिसाव्या शतकात तिथल्या खेड्यापाड्यांत शाळा काढणारे मिशन हेच. उपेक्षितांच्या मुलांच्या हाती पाटी देणाऱ्या संस्थेच्या जुन्या खतावण्यांत माणसांची खरेदी नोंदलेली असावी, हे पचवणे सोपे नाही. पण दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

२००६ साली चर्चच्या सर्वोच्च सभेने माफी मागितली. २०२३ मध्ये चर्चने दहा कोटी पौंडांचा निधी जाहीर केला. त्याच वर्षी एस.पी.जी.च्या वारसदार संस्थेनेही बार्बाडोससाठी सत्तर लाख पौंड देण्याचे ठरवले. 'आम्ही थोडेच हे पाप केले?' असा सूर इंग्लंडमध्येही उमटतो. प्रश्न रास्त वाटतो खरा. पण वडिलोपार्जित इस्टेट हक्काने घ्यायची आणि तिच्यावरचे कर्ज मात्र नाकारायचे, हे कोणत्या घरात चालते?