शिडाच्या होडीने मुंबई ते अलिबाग

गेटवेहून निघून, खांदेरीला बाहेरून वळसा घालून अलिबागपुढे नांगर टाकायचा तर १८ ते २० सागरी मैल पडतात. सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. पंचवीस फुटी होडी बऱ्या वाऱ्यात तासाला चार मैल कापते, तरी अख्खा दिवस हाताशी ठेवूनच निघावं.

आधी पाणी बघायचं. भरतीची वेळ काढायला कोळ्यांचा जुना हिशेब आजही पुरतो: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. पुढे साधारण सहा तास ओहोटी. बंदरातून बाहेर पडताना ओहोटी पाठीशी हवी, म्हणून सकाळी निघायला अष्टमी ते दशमी सोयीची. तेव्हा भांगाची भरती असते, पाण्याला ओढ कमी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ जबर, पण भरती दुपारी बाराच्या सुमाराला. म्हणजे सकाळभर पाणी तोंडावर.

मग वारा. हिवाळ्यात रात्री जमीन समुद्रापेक्षा जास्त थंडावते आणि पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटतो. दक्षिणेला निघालेल्या होडीला तो डाव्या अंगाने मिळतो, याहून सोपा वारा नाही. शिडाची दोरी सैल सोडा, पुढची कड फडफडू लागेल. फडफड थांबेपर्यंत ओढा आणि तिथेच बांधा. त्यापुढे आवळलं की होडी कलते आणि वेग मात्र घटतो. कललेली होडी नवशिक्याला धावतेय असं वाटतं, ते खरं नाही. वारा आडवा लोटत असतो. तळाखालची जड कील ते सरकणं रोखते, म्हणून होडी पुढे जाते.

कुलाब्याच्या टोकाचं १८७५ सालचं प्राँग्स दीपगृह उजवीकडे मागे पडलं की मोठ्या जहाजांची वाट ओलांडायची. पुढे कोळ्यांच्या जाळ्यांचे बोये दिसू लागतात. रांगेच्या मधून घुसू नये, टोकाला वळसा घालावा. जाळं कीलला किंवा सुकाणूला अडकलं तर त्यांचंही नुकसान, आपलंही.

दहा-अकराला मतलई मरतो आणि शीड लोंबतं. जहाजांच्या वाटेत असाल तर मुकाट इंजिन लावा. मोकळ्या पाण्यात असाल तर डबा उघडा. बाराच्या आसपास वायव्येकडून खारा वारा येतो आणि दुपारी चढत जातो. लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसू लागला की शीड कमी करावं, अजून बघू म्हणत थांबू नये.

खांदेरी डाव्या हाताला ठेवायची, कारण आतल्या उंदेरी बेटाच्या बाजूला खडक आणि उथळ पाणी आहे. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये खांदेरी बेटाला तटबंदी घातली. दीपगृह १८६७ चं. बेट ओलांडून आग्नेयेला वळलं की वारा थेट पाठीमागून येतो, आणि हाच दिवसातला धोक्याचा टप्पा. सुकाणू जरा चुकलं तर शिडाखालचा आडवा दांडा एका झटक्यात या बाजूचा त्या बाजूला जातो, बरोबर डोक्याच्या उंचीवर. तो दोरीने पुढे ताणून बांधावा आणि माणसांनी बसूनच राहावं.

अलिबागला पोचेपर्यंत ओहोटी सरत आलेली असते. किनारा उथळ, म्हणून कुलाबा किल्ल्याच्या बाहेर खोल पाण्यात थांबायचं. भरतीला होणारी खोली धरून तिच्या पाचपट दोर सोडा. मग किनाऱ्यावरचं एक झाड आणि त्यामागचं एखादं घर एका रेषेत धरा. रेष मोडत गेली तर नांगर घसरतोय.

त्याच दुपारी परत फिरणं मात्र जड. वाऱ्याच्या तोंडाकडे ४५ अंशांहून जवळ होडी जात नाही, त्यामुळे नागमोडी जावं लागतं आणि अंतर वाढतं. रात्र तिथेच काढून उजाडता मतलईवर निघावं. बंदराच्या तोंडाशी याल तोवर पाणी फिरायला लागतं आणि भरती आत घेऊन जाते.