प्रयोगशाळेच्या दाराशी अडवलेली आपली मुले

धम्मचक्र प्रवर्तन दिनाची दीक्षाभूमीवरची गर्दी ओसरून आठवडा झाला असेल. संध्याकाळी कोर्टातून परतलो तर ऑफिसच्या बाकावर एक बाप आणि त्याची सतरा वर्षांची मुलगी बसून होती. बाप सेंट्रिंगचे काम करतो, मुलगी तालुक्याच्या गावी बारावी सायन्सला आहे. "जय भीम, वकीलसाहेब," म्हणत त्याने खिशातून घडी घातलेले कागद काढले. कॉलेजचे पत्र होते. हजेरी पंचाहत्तर टक्क्यांहून कमी, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राची निम्मी प्रॅक्टिकल्स झालेली नाहीत, सबब जर्नलवर सही होणार नाही. पत्रात नव्हते ते सरांनी तोंडी सांगितले होते. "हिला सायन्स झेपत नाही. यंदा राहू द्या. पुढच्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरा आणि घरी बसून आर्ट्सची बारावी द्या."

दहावीचे गुणपत्रक पाहिले. विज्ञानात ९१ गुण. मग झेपत काय नाही, असे मी विचारले तेव्हा मुलगी खाली मान घालून म्हणाली, "सर, मी एसएस पॅटर्न आहे."

विदर्भातल्या वाचकाला यापुढे सांगायला नको. आपल्या बौद्ध वस्त्यांत आणि आदिवासी पाड्यांत सिकलसेल घरोघर माहीत आहे. आई एएस, बाप एएस, दोघेही धडधाकट, आणि प्रत्येक बाळंतपणात चारात एक या हिशेबाने एसएस मूल जन्मण्याची शक्यता. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे फोडून काढावीत अशा वेदना सुरू होतात. थंडी, दगदग, अंगातले पाणी कमी होणे, एवढे निमित्त पुरते. या मुलीला गेल्या पावसाळ्यात दोनदा भरती करावे लागले. प्रॅक्टिकलच्या दिवशी दोन-अडीच तास उभे राहायचे आणि प्रयोगशाळेत पाणी प्यायला बंदी. बंदी योग्यच आहे, रसायनांच्या टेबलावर कुणीही पाणी पिऊ नये. पण बाटली दाराबाहेर ठेवावी, मुलीने न विचारता दोन घोट पिऊन यावे, बसायला एक स्टूल द्यावे, आजारपणात बुडालेली प्रॅक्टिकल्स शनिवारी करून घ्यावीत, यात संस्थेचे काय जाते? एक स्टूल जाते!

गंमत पाहा. बारावीच्या जीवशास्त्रात आनुवंशिकतेच्या धड्यात उदाहरण कुणाचे असते? सिकलसेलचेच. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येते, एका अक्षराच्या चुकीने सगळा आजार घडतो, हे ती पाठ म्हणून दाखवते. जी गोष्ट तिच्या रक्तात आहे ती तिला शिकवायची आहे, आणि त्याच गोष्टीमुळे तिला वर्गाबाहेर काढायचे आहे.

आपल्यासाठी हा अनुभव नवा नाही. बाबासाहेब एल्फिन्स्टन हायस्कुलात असताना शिक्षकांनी त्यांना उदाहरण सोडवायला फळ्यापाशी बोलावले, तेव्हा वर्गात गलका झाला. सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते. भीमराव फळ्याला हात लावण्याआधी डबे हलवण्यासाठी मुले धावली. गणित कुणाला येते हा प्रश्नच नव्हता, फळा कुणाचा हा प्रश्न होता. आज डबे नाहीत. पण प्रयोगशाळेच्या टेबलाभोवती पाच मुलांचा गट उभा राहतो तेव्हा ब्युरेटची तोटी कुणाच्या हातात असते आणि वहीत आकडे कोण उतरवत असते, हे एकदा जाऊन पाहा.

मी स्वतः वही धरणाऱ्यांपैकी होतो. नव्वदीच्या दशकात जिल्हा परिषदेच्या शाळेतून दहावी झालो आणि सायन्सला गेलो. शाळेत त्वरण शिकलो होतो, कॉलेजात ॲक्सिलरेशन आले. घनतेची डेन्सिटी झाली, प्रकाशसंश्लेषणाचे फोटोसिंथेसिस झाले. पहिले तीन महिने मला वाटत होते की हे सगळे नवे विषय आहेत. ही तीच जुनी ओळखीची माणसे फक्त इंग्रजी कपडे घालून आली आहेत, हे सांगायला कुणी नव्हते. प्रयोगशाळेतले सहायक म्हणायचे, "तू मागून बघ, टेस्ट ट्यूब फुटली तर भरून कोण देणार?" बारावीला फिजिक्समध्ये नापास झालो. पुढे कला शाखेतून कायद्याकडे आलो, त्याचा पश्चात्ताप नाही. पण ती माझी निवड होती असे म्हणण्याचा खोटेपणा मी करणार नाही.

तेव्हा मला माहीत नव्हते की माझ्यासारख्यांच्या नापास होण्याचे कारण त्याआधीच मुंबईत शोधले गेले होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या छत्राखाली १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले, तेही नाना चौकातल्या महापालिकेच्या शाळेतल्या खोल्यांत. या केंद्राने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला महापालिकेच्या शाळांतली अनुसूचित जातींची मुले निवडली आणि माध्यमिक शाळेच्या वर्षांत त्यांना नियमित जादा मार्गदर्शन दिले. प्रा. वि. गो. कुलकर्णी आणि सु. चिं. आगरकर यांनी त्यावर १९८५ मध्ये पुस्तकही लिहिले. मुलांची बुद्धी कमी आहे असे त्यांना आढळले नाही. आढळली ती भाषेची भिंत. पाठ्यपुस्तकाची मराठी या मुलांच्या घरात कुणी बोलत नव्हते. वाक्ये लांब, शब्द संस्कृत वळणाचे, आणि प्रश्न समजला नाही तर विचारायचे धाडस नाही. भाषा सोपी केली, मुलांना बोलते केले, हाताने प्रयोग करू दिले, तसे त्यांचे गुण वाढले. "यांना झेपत नाही" या वाक्याला इतके सरळ उत्तर दुसरे मला माहीत नाही. आणि हे उत्तर आंदोलनकर्त्यांचे नाही, वैज्ञानिकांचे आहे.

आता ही भिंत किती उंच असते ते सिकलसेलवरूनच पाहा. मराठी पाठ्यपुस्तकात या आजाराला दात्रपेशी पांडुरोग म्हणतात. ज्या घरात दोन पिढ्या या आजाराने दवाखान्याच्या चकरा मारल्या, त्या घरातल्या मुलालाही हा शब्द वाचून कळणार नाही की धडा आपल्या बहिणीविषयी आहे. त्याच जागी "सिकलसेल" लिहिले असते तर तेच मूल वर्गात सर्वांत आधी हात वर करते. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत १९७२ मध्ये जो विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला, त्याने हेच केले. गावात मिळणाऱ्या वस्तू, मुलांच्या तोंडची भाषा, पाठांतराऐवजी प्रयोग, आणि परीक्षेत पुस्तक उघडून उत्तर लिहायची मुभा. तीस वर्षे चालून शेकडो शाळांत पोहोचलेला हा कार्यक्रम २००२ साली सरकारने बंद केला. चालणाऱ्या गोष्टी का बंद होतात, यावर स्वतंत्र लेख लिहावा लागेल.

आता कायद्याकडे येतो, कारण त्या बापाला माझ्याकडून सहानुभूती नको होती, कलम हवे होते.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये झाला. जुन्या १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते, नव्यात २१ आहेत, आणि त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया तसेच वाचन-लेखनातली विशिष्ट अध्ययन अक्षमताही आहे. आपल्या कितीतरी घरांत हे माहीतच नाही. त्यांच्याकडे दवाखान्याचे सिकलसेलचे कार्ड असते, दिव्यांग प्रमाणपत्र नसते. "चालती-फिरती पोरगी, तिला कशाला अपंग म्हणवून घ्यायचे" असे आईच म्हणते. ताई, लाज वाटायचे कारण नाही. तो कागद म्हणजे हक्काची पावती आहे, तो काढून ठेवा.

या कायद्याचे १६ वे कलम सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थांना लागू आहे. "आम्ही विनाअनुदानित आहोत" हे उत्तर इथे चालत नाही, मान्यता घेतली की जबाबदारी आली. त्या कलमात विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून देण्याचे बंधन आहे. चाळीस टक्क्यांची अट उच्च शिक्षणातल्या पाच टक्के आरक्षणासाठी, ३२ व्या कलमात आहे. स्टूल आणि पाण्याच्या बाटलीसाठी नाही. कॉलेजच्या कार्यालयात नेमकी इथेच गल्लत केली जाते आणि पालक माघारी फिरतात.

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या निकालात हे अधिक स्पष्ट केले. उमेदवाराला हाताने लिहिणे अवघड जात होते, आयोग लेखनिक देत नव्हता. न्यायालयाने सांगितले की अशी सोय नाकारणे हाच भेदभाव आहे. पुढे १५ ऑक्टोबर २०२४ रोजी ओंकार गोंड प्रकरणात बोलण्याची अक्षमता असलेल्या विद्यार्थ्याच्या एमबीबीएस प्रवेशाचा प्रश्न आला. निव्वळ टक्केवारी पाहून दार लावू नका, तो अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो का हे पाहा, असे न्यायालयाने बजावले. त्या खंडपीठाच्या अध्यक्षस्थानी आपल्या अमरावतीचे न्या. भूषण गवई होते, हेही सांगून ठेवतो.

सोय आणि सवलत यातला फरक आपण नीट समजून घेतला पाहिजे. आपल्या राज्यात अंध आणि अध्ययन अक्षम मुलांना दहावीला बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचे अंकगणित घेण्याची सवलत मिळत आली आहे. ज्याला खरोखर जमत नाही त्याला ती हवीच. पण शाळा ती सवलत सगळ्यांच्या गळ्यात घालते, मुलगा आनंदाने पास होतो आणि सायन्सचे दार त्याच दिवशी कायमचे बंद होते. आंध्रच्या श्रीकांत बोल्लाने हे मानले नाही. तो जन्मांध. दहावीनंतर सायन्स मिळेना म्हणून कोर्टात गेला, प्रवेश घेतला, उत्तम गुण मिळवले आणि अमेरिकेत एमआयटीपर्यंत पोहोचला. २०२४ मध्ये त्याच्यावर हिंदी सिनेमा आला तेव्हा लोकांनी डोळे पुसले. डोळे पुसून झाल्यावर किती कॉलेजांनी आपल्या प्रयोगशाळेत बोलणारा थर्मामीटर आणला?

आणि जिथे शरीर धड आहे, डोके तल्लख आहे, तिथे पैसा आडवा येतो. मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका दलित मजुराच्या मुलाला २०२४ साली धनबादच्या आयआयटीत इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला जागा मिळाली. १७,५०० रुपये ठरल्या वेळेत भरता आले नाहीत, जागा गेली. ३० सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद १४२ चा अधिकार वापरून ती परत दिली. किती मुले सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाणार आहेत?

म्हणून प्रश्न आपल्यालाही आहे. बाबासाहेबांनी १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय काढले ते कला आणि विज्ञान दोन्हींचे, आणि नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. विद्यार्थ्याने कॉलेजच्या वेळेत बसावे असा हट्ट न धरता कॉलेज विद्यार्थ्याच्या वेळेत बसवले. कायद्याच्या भाषेत ज्याला वाजवी सोय म्हणतात ती हीच, कायदा येण्याच्या सत्तर वर्षे आधी. आणि आपण? जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत उडतात त्या पैशांत विहाराच्या मागच्या खोलीत दोन सूक्ष्मदर्शक, ब्युरेट, पिपेट, लिटमस आणि एक मोठे टेबल येते. हे लिहिले की काही कार्यकर्ते रागावतात, रागावू द्या. आपल्यात फार्मासिस्ट आहेत, महावितरणचे इंजिनिअर आहेत, निवृत्त विज्ञान शिक्षक आहेत. "पे बॅक टू सोसायटी" म्हणत व्यासपीठावरून भाषण करण्यापेक्षा दर रविवारी दोन तास त्या टेबलापाशी उभे राहावे. त्वरण म्हणजेच ॲक्सिलरेशन, एवढे जरी अकरावीच्या जूनमध्ये कुणी सांगितले तरी एखादे मूल वाचते. दहावीच्या निकालानंतर "आर्ट्स घे, एमपीएससी कर" हा सल्ला आपणही फार सहज देऊ लागलो आहोत. कलेत कमीपणा नाही, मी तिथलाच आहे. पण तो सल्ला मुलाकडे पाहून द्यावा, त्याच्या बापाच्या हातातल्या थापीकडे पाहून नव्हे.

त्या मुलीच्या कॉलेजला मी कलम १६ चा उल्लेख करून पत्र पाठवले. मागण्या चारच: स्टूल, दाराबाहेर पाण्याची बाटली, बुडालेली प्रॅक्टिकल्स शनिवारी, आणि वैद्यकीय कागदांच्या आधारे हजेरीचा विचार. पहिले उत्तर आले, "अशी तरतूद आमच्याकडे नाही." दुसरे पत्र पाठवले, त्याची प्रत पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांना लावली. मग फोन आला, शनिवारी पाठवा म्हणाले. गेले तीन शनिवार ती जाते आहे. परवा बापाने फोन करून सांगितले की अनुमापनात गुलाबी रंग पहिल्याच वेळी नेमका आला, आणि तोटी तिच्याच हातात होती. बारावीच्या प्रत्येक शास्त्र विषयात शंभरापैकी तीस गुण प्रॅक्टिकलचे असतात आणि परीक्षा फेब्रुवारीच्या सुमारास असते. हजेरीबाबत आणि जर्नलवरच्या सहीबाबत कॉलेजने लेखी काहीच दिलेले नाही. तिसरे पत्र मी आज पोस्टात टाकले आहे.