जरा पालथे करून बघा!

संक्रांत ते रथसप्तमी हे दिवस आमच्या बेळगावात हळदीकुंकवाचे, तसेच स्पर्धांचेही. रांगोळी, पाककृती, पुष्परचना, हलव्याचे दागिने, आणि या सगळ्यांच्या शेवटी पत्रकाच्या तळाशी एक शब्द असतो, ‘हस्तकला’. या एका शब्दात काय काय कोंबलेले असते ते भाग घेणाऱ्या बायकांनाच ठाऊक! क्रोशाचे रुमाल, लोकरीची तोरणे, मोत्यांचे गणपती, आइस्क्रीमच्या काड्यांचे बंगले आणि त्याच टेबलावर कुणीतरी दोन महिने डोळे ताणून काढलेला कसूतीचा एखादा तुकडा. परीक्षक वही-पेन घेऊन येतात, पाच-दहा मिनिटांत टेबलाला फेरी मारतात आणि पहिला क्रमांक बहुधा सगळ्यात मोठ्या वस्तूला जातो. मी अकरा वर्षे अशा स्पर्धांत भाग घेते आहे. तीन-चार बक्षिसेही घरात आहेत (स्टीलचे डबे का असेनात, बक्षिसेच ती!). तेव्हा हे हरलेल्या बाईचे रडगाणे समजू नका. माझे म्हणणे कसूतीपुरते आहे, आणि तेही तिच्या मागच्या बाजूपुरते.

कसूती म्हणजे आपल्या आया-आज्या ज्याला ‘कर्नाटकी कशिदा’ म्हणत तोच. ‘कै’ म्हणजे हात आणि ‘सूती’ म्हणजे सूत, असा हा कन्नड शब्द फोडून सांगतात. धारवाड, बेळगाव, विजापूर हे जिल्हे 1956 पर्यंत मुंबई राज्यातच होते. त्यामुळे लेकीबाळींबरोबर हा कशिदा पलीकडे मिरज-सांगली-कोल्हापूरपर्यंत सहज गेला. इरकली साडीचा पदर, खणाची चोळी, बाळाचे कुंचडे ही त्याची हक्काची जागा. लग्नात मुलीला द्यायची काळी रेशमी ‘चंद्रकळी’ तर कसूतीशिवाय पुरीच होत नसे. एरवी काळा रंग शुभकार्यात वर्ज्य, पण संक्रांतीला आणि चंद्रकळीला तो चालतो, नव्हे हवाच असतो. त्या काळ्यावर पांढऱ्या, लाल, हिरव्या, केशरी दोऱ्यांनी गोपुर, रथ, पालखी, तुळशीवृंदावन, हत्ती, मोर, पोपट, कमळ उमटलेले पाहिले की नजर हटत नाही.

मला कसूती शिकवली वडगावातल्या एका अज्जींनी. माहेर धारवाडकडचे, बोलणे अर्धे कन्नड, अर्धे मराठी. आजूबाजूला मागांची खटखट चालू आणि त्यात अज्जी ओसरीवर बसून टाके मोजायच्या. मी पहिल्या दिवशी पेन्सिल आणि कार्बन पेपर घेऊन गेले, तर त्यांनी दोन्ही पिशवीत परत ठेवायला लावले. कसूतीत नक्षी छापत नाहीत. कापडाचे उभे-आडवे धागे मोजायचे आणि त्या हिशेबाने टाका घालायचा, बस्स. नक्षी डोक्यात नाहीतर चौकटीच्या वहीत. पहिले तीन आठवडे त्यांनी मला मॅटीच्या कापडावर नुसत्या रेघा आणि पायऱ्या घालायला लावल्या. हत्ती-मोर फार लांबचे.

टाके चारच. गवंती, मुर्गी, नेगी आणि मेंथी. मेंथी म्हणजे आपला फुलीचा टाका, मेथीच्या दाण्यावरून नाव पडलेला. तो भरीव कामाला. नेगी हा लहान-मोठा धावदोरा, दिसायला विणल्यासारखा. त्यात पुढे जिथे दोरा तिथे मागे मोकळे आणि पुढे मोकळे तिथे मागे दोरा, म्हणजे पाठीवर नक्षीचे उलटे रूप मिळते. खरी गंमत गवंती आणि मुर्गीची. या दोहोंत पुढची आणि मागची बाजू हुबेहूब सारखी यावी लागते, आणि कुठेही गाठ नको.

हे कसे जमते, ते मला कळायला सहा महिने लागले, म्हणून सविस्तर सांगते. गवंतीत सुई रेघेवरून जाताना एक घर भरते, एक सोडते. शेवटाला पोचली की त्याच वाटेने परत फिरते आणि सुटलेली घरे भरत येते. ही झाली सरळ रेघ. पण गोपुराला कळस असतो, कळसाला फाटे असतात. मग जाताना जिथे फाटा फुटेल तिथे आधी त्याच्या टोकापर्यंत जायचे, परत मूळ वाटेवर यायचे आणि नंतरच पुढे. अशा रीतीने नक्षीतल्या प्रत्येक घरावरून दोरा बरोबर दोनदा जातो, एकदा वरून आणि एकदा खालून, आणि सुई जिथून निघाली तिथेच येऊन थांबते. सुरुवातीला सोडलेले दोऱ्याचे शेपूट परतीच्या टाक्यांखाली दडपले की गाठीची गरजच राहात नाही. मुर्गीचेही तसेच, फक्त वाट पायऱ्यापायऱ्यांची. एक फाटा चुकला तर अर्धे गोपुर उसवावे लागते! युरोपात याच दुहेरी धावदोऱ्याला होल्बाइन टाका म्हणतात. सोळाव्या शतकातल्या हान्स होल्बाइन या चित्रकाराच्या व्यक्तिचित्रांत कॉलर आणि बाह्यांवर तो दिसतो. कुठे वडगावची ओसरी आणि कुठे ती तैलचित्रे!

दोन्ही बाजू सारख्या कशाला, असे मीही अज्जींना विचारले होते. त्यांनी उत्तर न देता स्वतःचा पदर डोक्यावरून घेतला आणि एक टोक उलटे करून दाखवले. पदर उलटतोच. वाऱ्याने उलटतो, लेकराचे तोंड पुसताना उलटतो. आतून दोऱ्यांचा गुंता दिसला तर साडी नेसणारीची शोभा काय राहिली?

तेव्हापासून कुठलाही तुकडा नेला की अज्जींचे पहिले वाक्य ठरलेले, “दाखव बघू, पालथं कर.” पुढून त्या नंतर बघत.

आणि आमच्या स्पर्धांचे नियम? ‘कलाकृती चौकटीत बसवून काचेसह आणावी.’ म्हणजे पाठ पुठ्ठ्याला चिकटलेली! काचेआड मशिनवर भरलेला तुकडा आणि हाताने मोजून काढलेला तुकडा शेजारी ठेवले, तर तीन फुटांवरून मशिनचाच जास्त रेखीव दिसणार. मी एका स्पर्धेत हे घडताना पाहिले आहे. दुसऱ्या क्रमांकाला गेलेली बाई आमच्याच गल्लीतली. तिची मुलगी एका दुकानदारासाठी पदर भरून देते. पैसे नक्षीवर मिळतात, पाठीवर नाही. मागून सारखे आणायचे तर जवळपास दुप्पट वेळ जातो, आणि माल घेताना कुणी उलटून बघत नाही. मग ती पोरही गाठी मारून मोकळी होते. तिला बोल कसा लावायचा? कसूतीला भौगोलिक मानांकन आहे, इरकली साडीलाही आहे. पण मानांकनाने नाव राखले जाते, टाका काही राखला जात नाही. बाजारात आता छापील ‘कसूती’च्या साड्याही ढिगाने मिळतात.

म्हणून मला वाटते, पोटासाठी काम करणाऱ्या बाईला जे परवडत नाही त्याचे मोल स्पर्धेत तरी व्हावे. दुकानात नाही तर नाही, हळदीकुंकवाच्या हॉलमध्ये तरी कुणी तुकडा पालथा करून बघावा. तीन वर्षांपूर्वी मी हे आमच्या मंडळाच्या बैठकीत मांडले. अध्यक्षबाई म्हणाल्या, “अहो ताई, चौकट नसली तर टेबल उघडे दिसते.” बरीच चर्चा झाली, दोनदा चहा झाला. शेवटी असे ठरले की कसूतीचा गट वेगळा काढायचा, चौकट नको, आणि तुकडे हॉलमध्ये दोरी बांधून चिमट्यांनी टांगायचे. परीक्षकांनी दोरीच्या दोन्ही बाजूंनी फिरायचे.

त्या वर्षी सात तुकडे आले. आधीच्या साली हस्तकलेत चाळीसेक वस्तू होत्या, त्यामुळे काहीजणींनी नाक मुरडले. पण गंमत बघा, मागच्या बाजूला गर्दी जास्त! बायका आपले तुकडे सोडून दुसरीचे उलटून बघत होत्या, इथे फाटा कसा घेतला, तिथे दोरा कुठे लपवला, असे विचारत होत्या. पहिले बक्षीस एका कॉलेजातल्या मुलीच्या वीतभर पालखीला मिळाले. माझे गोपुर तिसरे आले. सहा इंची गोपुराला रोज तासभर बसून अडीच आठवडे लागले होते, पण त्या पालखीची पाठ पाहिल्यावर माझी काही तक्रार राहिली नाही.

ज्यांना यंदा शिकायला बसायचे आहे त्यांनी रेशमावर उडी मारू नये. मॅटीचे कापड, सहापदरी दोऱ्यातले दोन पदर आणि बोथट टोकाची सुई एवढ्यावर वर्षभर भागते. बारीक पोताच्या रेशमावर धागे मोजता येत नाहीत. तिथे वरून जाळीचे कापड टाचून त्याच्या घरांवर टाके घालतात आणि काम झाल्यावर जाळीचे धागे एकेक ओढून काढतात. मोबाईलवरचे व्हिडिओ सुरुवातीला उपयोगी पडतात, पण त्यातल्या बहुतेकांत सुईची फक्त वरची बाजू दिसते. शेजारी कुणी जाणती असेल तर तिच्याकडेच जा.

आमच्या अज्जींना आता कमी दिसते. शनिवारी दुपारी तीन मुली त्यांच्याकडे येतात, एक कन्नडमधून मोजते, दोघी मराठीतून. अज्जी तुकडा हातात घेतात, पालथा करतात आणि पाठीवरून अंगठा फिरवतात. अंगठ्याला गाठ लागली, की तुकडा न बोलता परत.