वहीच्या मागच्या पानावरचे शब्द

जमाखर्च शिकणाऱ्या विद्यार्थिनीने शब्दांवर लेख लिहावा, याचे काहींना नवल वाटेल. पण माझ्याजवळ शब्दांचीही एक खतावणी आहे. आठवीत असताना मी ती वहीच्या मागच्या पानावर सुरू केली.

त्या वर्षी मराठीचे सर शनिवारी शेवटच्या तासाला साने गुरुजींची 'श्यामची आई' वाचून घेत. गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले व १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. बेचाळीस रात्रींत सांगितलेल्या या कथेला कुणी कादंबरी म्हणतात, कुणी आत्मकथा. कथा कोकणातली, त्यामुळे आम्हां बेळगावच्या मुलांना पानापानाला शब्द अडत.

शब्द अडला की लगेच कोश उघडायचा नाही, असा सरांचा दंडक होता. आधी मागचेपुढचे वाक्य वाचून अर्थाचा अंदाज करायचा व तो वहीत लिहायचा. मग घरी मोठ्यांना विचारायचे आणि शेवटी कोश पाहायचा. अंदाज चुकला तरी खोडायचा नाही, शेजारी खरा अर्थ लिहायचा. चुकलेला शब्द जन्मभर लक्षात राहतो, असे ते म्हणत.

त्याचा अनुभव लगेच आला. एका प्रकरणाचे नाव आहे 'मोरी गाय'. आमच्या घरी मोरी म्हणजे भांडी घासायची जागा आणि कानडीत मोरी म्हणजे गटार. म्हणून मी 'मोरीजवळ बांधलेली गाय' असा अर्थ लिहिला. सारा वर्ग हसला! उच्चार एक असला तरी शब्द दोन असू शकतात, हे त्या दिवशी कळले.

'अळणी भाजी'ला मात्र कोश लागला नाही. आई भाजीत मीठ घालायला विसरते आणि वडील काही न बोलता जेवतात. अर्थ प्रसंगच सांगतो. लवण म्हणजे मीठ. ते ज्यात नाही ते अळणी. आम्ही घरी 'सपक' म्हणतो, शेजारची कानडी मंडळी 'सप्पे' म्हणतात. तिन्ही शब्द माझ्या पानावर एका ओळीत बसले.

पुढे श्यामच्या घराला कर्जाने घेरले आणि माझे पान भरू लागले. 'खोत' हे मला आडनाव म्हणूनच माहीत होते. कोकणात खोत म्हणजे गावाचा सारा वसूल करून सरकारात भरणारा. ही पद्धत १९४९ च्या कायद्याने रद्द झाली. 'दवंडी'ला कानडीत 'डंगुर' म्हणतात. आमच्या भागात कानडी माणूस श्रीमंताला मानाने 'साहुकार' म्हणतो; पुस्तकातल्या सावकाराची मात्र धास्ती वाटते. 'जप्ती'पुढे मी लिहिले होते, 'कर्जापायी वस्तू सरकारी हुकमाने ताब्यात घेणे.'

दहावीत असताना घरी एका पतसंस्थेचे पत्र आले. बाबांनी एका स्नेह्याच्या कर्जाला जामीन म्हणून सही केली होती आणि त्याने हप्ते थकवले होते. पत्र कानडीत होते. बाबांना कानडी बोलता येते, वाचता येत नाही. म्हणून ते मी वाचू लागले. तिसऱ्या ओळीत मी थांबले.

"का गं, थांबलीस?" बाबांनी विचारले.

कानडी लिपीत तोच शब्द होता, जप्ती. मला श्यामच्या आईचा चेहरा आठवला आणि मग माझ्या आईकडे बघवेना. त्या रात्री दोघांनी बसून हिशेब मांडला. पुढची दोन वर्षे आईने रात्री शिवणकाम केले, हप्ते फिटले आणि जप्ती टळली.

आता वर्गात १८७२ चा करार कायदा शिकते आहे. त्याचे कलम १२८ सांगते की, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. हे कलम मला पाठ करावे लागले नाही.

शब्दाचा अर्थ कोशात मिळतो, पण त्याचे वजन गोष्टीत कळते. म्हणून अभ्यासक्रमात नसली तरी वर्षाकाठी एखादी कादंबरी वाचावी आणि वहीचे मागचे पान कोरे ठेवावे, एवढीच मित्रमैत्रिणींना विनंती.