सीमेपलीकडचा प्रवास आणि भाड्याची मोटार

आमच्या आजोबांच्या पिढीला गोव्याची सीमा ओलांडणे ही सोपी गोष्ट वाटत नसे. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत ही सीमा दोन सत्तांमधली सीमा होती. ठाण्यावर थांबावे लागे, कागद दाखवावे लागत, सामानाची झडती द्यावी लागे. त्या काळातील एक मौजेची गोष्ट मात्र पुष्कळांस ठाऊक नसते. पोर्तुगाल देशाने १९२८ साली रस्त्याच्या उजव्या बाजूने वाहने हाकण्याची पद्धत स्वीकारली. परंतु गोव्यात वाहने डावीकडूनच धावत राहिली. शेजारच्या ब्रिटिश हिंदुस्थानात रहदारी डावीकडून होती, आणि सीमेवर येताच प्रत्येक गाडीने बाजू बदलणे हा अपघातालाच निमंत्रण देण्याचा प्रकार झाला असता. म्हणजे राज्यकर्ते निराळे असूनही रस्त्याला शेजाऱ्याशी जुळवून घ्यावेच लागले.

आज ती सीमा राहिलेली नाही. साखळीहून केरी गाठावी, चोर्ला घाट चढावा, आणि कणकुंबी, जांबोटी करीत बेळगावास पोचावे. वाटेत राज्य कोठे बदलले हे झोपलेल्या प्रवाशाला कळतही नाही. रस्ता तोच, बाजू तीच. म्हणूनच आपली अशी समजूत होते की, सीमा ओलांडल्याने काहीच बदलत नाही. ही समजूत किती फसवी आहे, हे आम्ही स्वतःच्या चुकीवरून शिकलो. ती चूक प्रथम सांगतो, म्हणजे पुढील विवेचन कोरडे वाटणार नाही.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्हांस एका लग्नासाठी सहकुटुंब बेळगावास जावयाचे होते. बसमध्ये जागा मिळेना. तेव्हा एका ओळखीच्या गृहस्थामार्फत एक मोटार भाड्याने ठरविली. भाडे इतरांहून बरेच कमी होते. गाडी आमच्या हाती देताना मालक म्हणाला, "मास्तर, नाक्यावर कुणी विचारलेच तर गाडी आतेभावाची म्हणून सांगा. बाकी काही काळजी नको." आम्ही मान डोलावली. पुढे नाक्यावर पोलिसाने गाडी थांबवून सहजपणे विचारले, "गाडी कोणाची?" आमच्या तोंडून ठरलेले उत्तर निघाले, आणि गाडी सुटली. घाट चढू लागलो, तेव्हा मागच्या आसनावरून आमच्या कन्येने विचारले, "बाबा, हा आतेभाऊ कोण? मी त्याला कधी पाहिलं नाही." त्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. पोलिसाची भीती वाटली नव्हती तेवढी लाज त्या क्षणी वाटली. दुसऱ्याच दिवशी मांडवात एका वकील नातेवाइकांनी सारा प्रकार ऐकून सांगितले, "लाज राहू द्या बाजूला. वाटेत कुणाला धक्का लागला असता तर काय झाले असते, याचा विचार केलात का?"

तो विचार असा. आपल्या देशात मोटारीचा धंदा पाटीच्या रंगावरून ओळखता येतो. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे असतील, तर ती गाडी खाजगी वापराची. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे असतील, तर ती चालकासह भाड्याने मिळणारी टॅक्सी. आणि काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतील, तर ती गाडी भाड्याने घेऊन स्वतः चालविण्यासाठी नोंदलेली. अशा गाड्यांसाठी केंद्र सरकारने १९८९ साली स्वतंत्र योजना केली आहे. विजेवर चालणाऱ्या गाड्यांची पाटी हिरवी असते. त्यांपैकी खाजगी गाडीवर पांढरी अक्षरे, तर धंद्याच्या गाडीवर पिवळी अक्षरे असतात. आम्ही घेतलेल्या गाडीची पाटी पांढरी होती. म्हणजे ती भाड्याने देण्याचा अधिकार मालकाला नव्हता, आणि आतेभावाचे सोंग त्यासाठीच होते.

येथे कोणी म्हणेल की, रंगाने काय बिघडते? बिघडते ते विम्यात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक वाहनाचा, दुसऱ्या माणसास होणाऱ्या इजेबद्दल विमा उतरविणे सक्तीचे आहे. परंतु खाजगी गाडीच्या विम्यात ही गाडी भाड्याने वापरली जाणार नाही अशी अट असते. ही अट मोडली गेली, तर आपली जबाबदारी नाकारण्यास विमा कंपनीला कायद्याचाच आधार मिळतो. मग भरपाईचा बोजा मालकावर आणि गाडी चालविणाऱ्यावर येऊन पडतो. ते दोघेही बेताच्या परिस्थितीतील असले, तर ज्याचा पाय मोडला, किंवा ज्याच्या घरातील कर्ता माणूस गेला, त्याने कोर्टाचे उंबरठे किती वर्षे झिजवावेत? भाड्यातील हजार-पाचशे रुपये आम्ही वाचविले होते खरे. परंतु त्या बदल्यात घाटातून चालणाऱ्या एखाद्या अनोळखी वाटसरूची सुरक्षितता आम्ही पणास लावली होती. त्या वाटसरूची संमती आम्ही घेतली नव्हती.

योग्य पाटीची गाडी घेतली म्हणजे मात्र काम संपले, असे नाही. सीमेवर दोन प्रकारच्या कागदांची गत निराळी होते. चालकाचा परवाना, ज्याला आपण लायसन म्हणतो, तो कोणत्याही राज्याने दिलेला असला तरी साऱ्या भारतात चालतो. गाडीच्या परमिटाचे तसे नाही. एका राज्यापुरते दिलेले परमिट दुसऱ्या राज्याने मान्य केल्याशिवाय तेथे सामान्यतः चालत नाही. पर्यटकांची ने-आण करणाऱ्या गाड्यांना संपूर्ण भारतासाठी परमिट मिळू शकते, आणि त्याची पद्धत सुलभ करणारे नियम केंद्र सरकारने २०२१ साली केले व २०२३ साली पुन्हा नव्याने घालून दिले. म्हणून गाडी ठरवितानाच स्पष्ट विचारावे, "ही गाडी कर्नाटकात नेता येईल ना? परमिट दाखवा पाहू." भाड्याच्या करारात राज्याबाहेर जाण्यास मनाई आहे काय, हेही सही करण्यापूर्वी वाचावे. अक्षरे बारीक असतात, परंतु वादाच्या वेळी तीच मोठी होतात.

परमिटाशिवाय गाडीबरोबर नोंदणीचे पुस्तक, विम्याचा कागद, प्रदूषण नियंत्रणाचा दाखला, आणि भाड्याच्या गाडीस लागणारा योग्यतेचा दाखला असावा लागतो. हे कागद आता डिजिलॉकर किंवा एम-परिवहन यांच्याद्वारे मोबाइलवर दाखविता येतात, आणि कायद्याने ते ग्राह्य आहेत. तथापि घाटात मोबाइलला संकेत मिळेलच असे नाही. म्हणून छापील प्रती जवळ ठेवणे शहाणपणाचे. प्रत्येक कागदावरील मुदतीची तारीख स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी. मालकाच्या "सगळे ठीक आहे" या शब्दांवर विसंबू नये.

आता गाडीच्या तपासणीकडे वळू. दिवसाउजेडी गाडीभोवती एक फेरी मारावी, आणि जेथे खरचटलेले किंवा चेपलेले दिसेल तेथील छायाचित्र मालकासमक्ष काढून ठेवावे. परत करताना अनामत रकमेवरून होणारे बहुतेक तंटे एवढ्याने टळतात. चारही चाकांच्या टायरांवरील खाचा झिजून गुळगुळीत झाल्या आहेत काय, स्टेपनीत हवा आहे काय, जॅक व पाना जागेवर आहेत काय, हे पाहावे. पुढचे-मागचे दिवे, वळण दाखविणारे दिवे, भोंगा, पावसाळ्यात काच पुसणारा वायपर, आणि प्रत्येक आसनाचा पट्टा ही सारी वापरून पाहावीत. शेवटी गाडी थोडी चालवून ब्रेक कसे लागतात ते अजमावावे. परक्या गाडीचा ब्रेक पायाला ओळखीचा नसतो. त्याची ओळख सपाटीवर करून घ्यावी, उतारावर नव्हे.

चोर्ला घाटाचा रस्ता गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तीन राज्यांच्या सीमा जवळ येतात अशा डोंगरभागातून जातो. कणकुंबीस मलप्रभेचा उगम आहे. ती पूर्वेकडे कृष्णेला मिळावयास जाते, तर त्याच डोंगरांतील पाणी पश्चिमेकडे म्हादईतून आपल्या मांडवीला येते. निसर्गशोभेला तेथे तोटा नाही, आणि चालकाचे लक्ष विचलित होण्यासही नाही. येथे तीन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात.

पहिली गोष्ट उताराची. उतरताना एकसारखा ब्रेक दाबून धरला, तर घर्षणाने तो तापतो आणि त्याची पकड कमी होते. म्हणून गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी. मग इंजिनच चाकांना आवरते व ब्रेकवरचा भार हलका होतो. पेट्रोल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे म्हणजे घोड्याचा लगाम टाकून देणे होय. दुसरी गोष्ट अरुंद जागेची. चढणाऱ्या गाडीला प्रथम वाट द्यावी, असा नियमच आहे. कारण चढावर थांबलेली गाडी पुन्हा हलविणे अधिक कठीण व धोक्याचे असते. तिसरी गोष्ट धुक्याची. पावसाळ्यात घाटात धुके दाटले की, पुष्कळ चालक दिव्यांचा झोत वर करतात. धुके म्हणजे पाण्याचे सूक्ष्म थेंब. वरचा झोत त्या थेंबांवरून परतून आपल्याच डोळ्यांवर येतो आणि पुढे पांढरी भिंत उभी राहते. झोत खाली ठेवावा, वेग कमी करावा, आणि तरीही दिसेनासे झाले तर रस्त्याबाहेर सुरक्षित जागा पाहून थांबावे.

टॅक्सी घेतली असेल, तर चालकाची विश्रांती ही प्रवाशाचीही जबाबदारी आहे. मोटार कामगारांविषयीचा १९६१ चा कायदा असे सांगत असे की, सलग ५ तासांहून अधिक काम न करविता मध्ये निदान अर्धा तास विश्रांती द्यावी. लग्नघरातून रात्री उशिरा निघून, दिवसभर खोळंबलेल्या माणसाला "चला, आता एका दमात घरी" असे सांगणे बरे नव्हे. आणि चालक आपण असू किंवा दुसरा कोणी, मद्य घेतलेल्याच्या हाती चाक देऊ नये. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळला की तो गुन्हा ठरतो.

सामानाविषयीही दोन शब्द सांगणे अवश्य आहे. अबकारीचे नियम राज्याराज्यांत निराळे आहेत. गोव्यात दुकानी उघड विकली जाणारी मद्याची बाटली परवान्यावाचून सीमेपार नेली, तर पलीकडे तोच गुन्हा होऊ शकतो. आपल्या गावी "बेळगावास जाताच आहात, तर एवढी पिशवी पोचवा" अशी विनंती करण्याची रीत आहे. भिडेस्तव नाही म्हणवत नाही. परंतु पिशवी आपल्यासमोर उघडून भरली गेली नसेल, तर ती घेऊ नये. नाक्यावर गाडीतील सामानाचा जाब गाडीत बसलेल्यांनाच द्यावा लागतो.

एवढे करूनही अपघात झालाच तर? प्रथम गाडी थांबवावी. पळून जाणे हे पापही आहे आणि गुन्हाही. ११२ हा संकटकाळचा क्रमांक, १०८ हा रुग्णवाहिकेचा, आणि राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३, हे तीन क्रमांक गाडीतील प्रत्येकास, मुलांससुद्धा, पाठ असावेत. जखमीस दवाखान्यात पोचविणे, पोलिसांस व विमा कंपनीस कळविणे हे चालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. अपघात ज्या राज्यात झाला तेथील पोलीस चौकशी करतात. मात्र भरपाईचा अर्ज पीडिताला आपण राहतो त्या भागातील न्यायाधिकरणापुढेही करता येतो. २०२५ पासून केंद्र सरकारच्या योजनेप्रमाणे रस्ते-अपघातातील जखमींना योजनेत सामील असलेल्या रुग्णालयांत ७ दिवसांपर्यंत, १,५०,००० रुपयांच्या मर्यादेत, रोख पैसे न भरता उपचार मिळू शकतात. मदत करणाऱ्या वाटसरूने तर मुळीच कचरू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अशा परोपकारी माणसास संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे कायम केली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते संरक्षण कायद्यातच आले.

विद्यार्थिमित्रहो, शेवटची गोष्ट खास तुमच्यासाठी. गाडी भाड्याची असो वा घरची, १८ वर्षे पूर्ण होण्याआधी चाकाला हात लावू नका. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पालकास किंवा मालकास ३ वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते, आणि त्या मुलास वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत शिकाऊ परवानाही मिळत नाही. निर्जन घाटरस्ता पाहून "बाबा, जरा मला द्या ना" असा हट्ट धरताना हे आठवावे. मात्र मागच्या आसनावर बसूनही तुम्हांला पुष्कळ करता येते. पाटीचा रंग पाहा, पट्टा बांधा, आणि वडीलधाऱ्यांना प्रश्न विचारा. आम्हांस जागे केले ते अशाच एका प्रश्नाने.

गेल्या वर्षी आम्ही पुन्हा बेळगावास गेलो. या वेळी पाटी काळी व अक्षरे पिवळी होती. भाडे थोडे अधिक पडले. नाक्यावर पुन्हा तोच प्रश्न आला, "गाडी कोणाची?" आम्ही तोंड उघडण्याच्या आतच मागून कन्येचा खणखणीत आवाज आला, "भाड्याची!" पोलीस हसला. कागद पाहून त्याने ते परत दिले, आणि आम्ही घाटाच्या वाटेला लागलो.