गुराख्यांचे शब्द

माझ्या वर्गमित्रांनो, आणि भिंतीपाशी उभे राहून वाचणाऱ्या पालकांनो,

आमच्या घरी दोन म्हशी आणि एक रेडकू आहे. शाळा सुटली की मी आबांबरोबर ती चारायला माळावर जातो. दिवाळीच्या सुट्टीनंतर एके दिवशी फळ्यावर माझे गणित चुकले. तेव्हा एकजण मोठ्यानं म्हणाला, "गुराख्याला काय कळतंय गणित!" सगळे हसले. मी घरी आलो आणि आबांना म्हणालो, "उद्यापासून मी म्हशींमागं येणार नाही." आबांचे गुडघे दुखतात. ते काही बोलले नाहीत. काठी घेऊन एकटेच गेले.

पुढच्या आठवड्यात बाईंनी आम्हाला अमेरिकेतल्या काऊबॉयची माहिती सांगितली. काऊ म्हणजे गाय आणि बॉय म्हणजे पोरगा. म्हणजे गुराखीच की! सिनेमात ते नुसती पिस्तुलं उडवतात, पण त्यांचे खरे काम गुरे हाकायचे होते. टेक्सासमध्ये गुरे पुष्कळ होती, पण आगगाडी लांब होती. म्हणून १८६७ सालापासून ते घोड्यावर बसून दोन-अडीच हजार गुरे कॅन्सासमधल्या ॲबिलीन स्टेशनापर्यंत हाकत नेत. एका कळपामागे दहा-बाराच गुराखी असत. वाटेत दोन-तीन महिने जात. त्यांत मेक्सिकोचे लोक होते. गुलामगिरीतून सुटलेले काळे लोकही होते. पुढे आगगाडी जवळ आली, काटेरी तारेची कुंपणे झाली आणि ते लांबचे हाकणे बंद पडले. पण त्यांचे शब्द राहिले. त्यांतले काही मी इथे देतो.

१) बकारू : म्हणजे गुराखी. स्पॅनिश भाषेत गाईला वाका आणि गुराख्याला वाकेरो म्हणतात. इंग्रजी बोलणाऱ्यांनी त्याचे बकारू केले.

२) लॅरिएट : गुरे पकडायचा फासाचा दोर. स्पॅनिशमध्ये 'ला रेआता' म्हणजे तो दोर. दोन शब्दांचा एकच झाला.

३) मॅव्हरिक : टेक्सासमध्ये सॅम्युएल मॅव्हरिक (१८०३ ते १८७०) नावाचे वकील होते. बाकीचे लोक आपल्या गुरांना डाग देत, पण यांच्या गुरांना डागच नसे. म्हणून बिनडागाच्या वासराला मॅव्हरिक म्हणू लागले. आता जो कुणाच्या कळपात नाही, आपल्या मनाने चालतो, त्या माणसाला मॅव्हरिक म्हणतात.

४) टेंडरफूट : कोवळ्या पायाचा, म्हणजे नवखा माणूस.

५) हूसगाव : मला वाटले हे गावाचे नाव आहे! पण याचा अर्थ तुरुंग. स्पॅनिशमध्ये न्यायालयाला हुसगादो म्हणतात, त्यावरून हा शब्द झाला.

६) बंडाना : धूळ नाकातोंडात जाऊ नये म्हणून काऊबॉय गळ्यात रुमाल बांधत. त्याचे नाव बंडाना. हा शब्द आपल्या देशातून गेला. बांधणीच्या कापडाला हिंदीत बांधनू म्हणतात, त्यावरून तो झाला.

७) डंगरी : जाड्याभरड्या सुती कापडाची विजार. मुंबईत डोंगरी नावाचा भाग आहे, त्यावरून त्या कापडाला हे नाव पडले.

हे ऐकून मी आपल्या शब्दांचा विचार केला. गेल्या महिन्यात बाई ज्याला म्हणाल्या, "असा मोकाट फिरू नकोस," तो मला हसणारा मुलगाच होता. मोकाट हा गुरांचाच शब्द. खर्चाला वेसण घाला, असे मोठी माणसे म्हणतात. वेसण बैलाच्या नाकात असते. गळ्यात लोढणे पडले, असे आई म्हणते. लोढणे म्हणजे पळणाऱ्या गुराच्या गळ्यात बांधायचे लाकूड. म्हणजे ज्यांनी कधी गुरे राखली नाहीत, तेही गुराख्यांचे शब्द रोज बोलतात.

मी संध्याकाळी पळत माळावर गेलो. आबा दगडावर बसले होते. मी त्यांना हूसगावचा अर्थ सांगितला. आबा लई हसले. म्हणाले, "म्हंजी माणसांचा कोंडवाडाच की रं!" मग मी त्यांच्या हातातली काठी घेतली आणि रेडकू वळवून आणले. आता मी रोज जातो. आबा रोज एक जुना शब्द सांगतात आणि मी तो वहीत लिहितो. आतापर्यंत तेवीस झाले.

पालकांनो, तुम्हालाही असे शब्द ठाऊक असतील. या भित्तिपत्रकाखाली कोरा कागद लावला आहे आणि दोरीला पेन्सिल बांधली आहे. एक तरी शब्द लिहून जा. लिहिता येत नसेल तर मला सांगा, मी लिहीन.

— इयत्ता चौथीतला एक गुराखी