खुराड्याच्या आत

कोकणात घरामागचं खुराडं बांधताना सगळं लक्ष बाहेरच्या बाजूकडे असतं. जांभ्याचे चिरे, वर कौलं नाहीतर पत्रा, पुढे गुडघाभर उंचीचं दार आणि त्याला घट्ट अडसर. मुंगूस, रानमांजर, भटकी कुत्री यांच्यापासून कोंबडी वाचली की झालं, अशी समजूत. मुंगसाचा बंदोबस्त हवाच. पण पावसाळ्यात कोंबड्यांना खरी पोखरते ती ओल, आणि तिचा बंदोबस्त आतूनच करावा लागतो.

कोंबडीची विष्ठा आणि मूत्र एकत्रच बाहेर पडतं. विष्ठेवर जो पांढरा थर दिसतो तो युरिक आम्लाचा. खाली ओल असली की जिवाणू त्याचा अमोनिया करतात. हा वायू कोंबडीच्या डोळ्यांना आणि श्वासनलिकेला जाळतो; मग सर्दी-घरघर मागे लागते. रक्ती हगवणीच्या जंतूंनाही जोर धरायला ओल आणि ऊबच लागते. म्हणून सकाळी दार उघडल्या उघडल्या खाली बसावं आणि कोंबडीच्या उंचीवर नाक नेऊन वास घ्यावा. उभ्या माणसाला जाणवत नाही ते तिथे लगेच कळतं.

यावर उपाय म्हणजे तुसाची गादी. भाताचं तूस कोकणात गिरणीवर सहज मिळतं. सुरुवातीला दोन-तीन इंच पसरायचं, मग भर घालत पाच-सहा इंचांपर्यंत न्यायचं आणि दाताळ्याने वरचेवर खालीवर करायचं. गादी ठीक आहे का हे मुठीत कळतं. मूठभर तूस घट्ट आवळून हात उघडावा. ते मोकळं होऊन सांडलं तर उत्तम. गोळा तसाच राहिला तर तेवढा भाग काढून कोरडं तूस घालावं. पाण्याच्या भांड्याभोवती हे हमखास होतं, म्हणून भांडं विटेवर, कोंबडीच्या पाठीच्या उंचीला ठेवावं. काढलेली गादी कुजवली की माडांना खत होते.

थंडीच्या भीतीने खुराडं चारी बाजूंनी बंद करतात, ते मला अजिबात पटत नाही. कोंबडीचं अंग सुमारे ४१ अंश सेल्सिअस तापमानाचं, वर पिसांचं पांघरूण; कोकणातल्या थंडीचं तिला काही वाटत नाही. उन्हाळा मात्र सोसत नाही, कारण तिला घाम येत नाही, धापा टाकूनच ती अंग थंड करते. तेव्हा छपराच्या लगत, बसलेल्या कोंबडीच्या डोक्यावरून वारा जाईल अशी फट ठेवावी आणि तिला अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी मारावी.

आता दांडी. आपल्या कोंबडीचा मूळपुरुष तांबडा रानकोंबडा, रात्री झाडावर झोपणारा. सह्याद्रीत आरवतो तो राखी रानकोंबडा वेगळा; पाळीव कोंबड्यांच्या पिवळ्या कातडीचं जनुक त्याच्याकडून आलं, हे २००८ साली दिसून आलं. झाडावर झोपायची ती सवय गेलेली नाही. कोंबडी दांडीवर बसून पाय दुमडते तेव्हा स्नायूबंध ताणले जाऊन बोटं आपोआप आवळली जातात आणि ती झोपेत पडत नाही. दीड-दोन इंच जाडीचं, कडा गोल केलेलं लाकूड घ्यावं, दर कोंबडीमागे आठ-दहा इंच जागा धरावी. सगळ्या दांड्या एकाच उंचीवर असाव्यात, नाहीतर वरच्या जागेसाठी रोज संध्याकाळी टोचाटोची ठरलेली.

अंड्यांच्या खोक्यांची मात्र जागा दांडीपेक्षा खाली. ती वर असली तर कोंबड्या त्यांतच झोपतात आणि अंडी घाणीत पडतात. चार-पाच कोंबड्यांमागे फूटभर लांबी-रुंदीचं एक खोकं पुरतं, अंधाऱ्या कोपऱ्यात. खुडूक कोंबडीला एकवीस दिवस वेगळ्या डालग्यात बसवावं. ती खोकं अडवून बसली की बाकीच्या बाहेर कुठेही अंडी घालतात.

दांड्या खिळ्यांनी ठोकू नयेत. रक्त पिणारे लाल माइट दिवसा दांडीच्या टोकाशी, भिंतीच्या भेगेत दडतात आणि रात्री अंगावर चढतात. दांडी खाचेत नुसती ठेवलेली असली की उचलून तिच्या टोकांवर उकळतं पाणी ओतता येतं, उन्हात टाकता येते, आणि तेवढ्यात खाचही खरवडून होते.